आखूड कानाच्या वळूचा आकडा

अमेरिकेत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न 'भारतात परत कधी जाणार' हा नाही, 'म्हणजे तुम्ही नक्की करता काय' हा आहे. पिस्कॅटवेला माझ्या नणंदेकडे एकदा सत्यनारायण होता. जमलेला एकूण एक माणूस सॉफ्टवेअरमधला. जावा, ओरॅकल, टेस्टिंग अशा एकेका शब्दात सगळ्यांची ओळख उरकली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी वळूंचं खाणं मोजते." मग प्रसादाची वाटी हातात धरलेले एक गृहस्थ म्हणाले, "इंटरेस्टिंग! म्हणजे डेअरी ना?"

"नाही, बीफ."

त्यांनी वाटीतला शिरा संपवला आणि ते पार्किंगबद्दल बोलायला लागले. नणंदेने मला स्वयंपाकघरात ओढलं. "वहिनी, माझ्या फ्रेंड्सचं सोड, पण आई येणार आहे ना या वर्षी तुमच्याकडे? तिच्यासमोर तरी डेअरी म्हण यार. प्लीज." मी हो म्हटलं. नवऱ्याने, म्हणजे शिरीषने, तर सांगलीला फोन करून आधीच तसं सांगून टाकलं होतं.

आता मी नक्की काय करत होते ते सांगते. नागपूरला व्हेटरनरी झाले, इथे येऊन पशुपोषणात मास्टर्स केलं आणि नेब्रास्कातल्या एका बुल टेस्ट स्टेशनवर नोकरीला लागले. आजूबाजूचे गुरं पाळणारे रँचर आपापले तरुण वळू हिवाळ्यात आमच्याकडे आणून सोडत. आम्ही ते दोन-अडीच महिने ठेवून घ्यायचो आणि कोण किती खातो आणि त्यात किती वाढतो ते मोजायचो. प्रत्येक गव्हाण वजनकाट्यावर बसवलेली असे. प्रत्येक वळूच्या डाव्या कानात बटणाएवढा टॅग. वळूने गव्हाणीत तोंड घातलं की यंत्र टॅग वाचायचं, आणि तोंड बाहेर काढलं की गव्हाण किती हलकी झाली ते त्या वळूच्या नावावर मांडायचं. दर पंधरवड्याला त्यांना एकेक करून लोखंडी खोड्यात घ्यायचं आणि वजन करायचं.

यात एवढं काय, असं वाटेल. तर समजा तुमच्या घरी दोन भाचे सुट्टीला आले आहेत. दोघांची उंची सारखी, वजन सारखं, वाढही सारखी. एक तीन पोळ्यांवर उठतो, दुसऱ्याला सहा लागतात. आपल्याकडे मामीला सहावाला आवडतो. आमच्या धंद्यात तीनवाला सोन्यासारखा. गुरांच्या धंद्यात बहुतेक खर्च चाऱ्याचाच, त्यामुळे कमी खाऊन तेवढाच वाढणारा वळू मिळाला तर त्याची पोरंही बहुधा तशीच निघतात. म्हणून आम्ही हिशोब करायचो की या वजनाच्या आणि एवढं वाढणाऱ्या वळूने अमुक इतकं खायला हवं होतं, प्रत्यक्षात खाल्लं तमुक. प्रत्यक्षातून अपेक्षित वजा केलं की जे उरतं तो त्याचा आकडा. अपेक्षेपेक्षा कमी खाल्लं तर आकडा उणे. म्हणजे उणे चांगलं आणि अधिक वाईट.

हे वाक्य मी सात वर्षं सांगत होते आणि सात वर्षं लोक गोंधळत होते. वॉल्ट नावाचा एक म्हातारा रँचर होता, उंच, एका पायाने लंगडणारा, वर्षानुवर्षं आमच्याकडे वळू आणणारा. पहिल्या वर्षी त्याला निकाल पाठवला तर त्याचा फोन. "माझ्या सगळ्यात चांगल्या वळूला तुम्ही शून्याच्याही खाली घातलंत? त्याने तुमचं केलंय तरी काय?" मी अर्धा तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे जितका वाईट आकडा तितका चांगला बैल." मी म्हटलं, तसंच समजा. त्याच्यावर माझा तेव्हापासून जीव. त्याने निदान गोंधळ कबूल केला. बाकीचे 'राइट, राइट' म्हणायचे आणि वर्षभराने तोच प्रश्न विचारायचे.

आणि हा आकडा म्हणजे नुसती शोभा नव्हती. ज्यांचा चांगला येई ते प्रजननासाठी राहत, लिलावात जात, दहा-बारा वर्षं जगत. ज्यांचा वाईट येई ते फीडलॉटला, म्हणजे मांसासाठी पोसायच्या वाड्यात, आणि तिथून पुढे काय ते सांगायला नको. मी संध्याकाळी कॉम्प्युटरवर जे छापायची त्यावर ते ठरे. याचा मला त्रास व्हायचा का? व्हायचा. मग नोकरी का केली? कारण काम मला मनापासून आवडायचं. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहत होत्या ते मला आजही नीट सांगता येत नाही.

यंत्रही काही कमी गोंधळ घालत नसे. नेब्रास्कातला वारा गव्हाणीवर असा दाबून बसे की रिकाम्या गव्हाणीचं वजन वाढे आणि एखाद्या वळूने खाण्याऐवजी चारा परत ठेवल्याची नोंद होई. थंडीत काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे येऊन मक्याचे दाणे टिपत, आणि ते शेवटी जेवून गेलेल्याच्या खाती पडत. एका वळूचा टॅग पडला तर तो दिवसभर यंत्राच्या लेखी उपाशी आणि आम्ही हवालदिल. म्हणून आकडा विचित्र आला की पहिला संशय यंत्रावर घ्यायचा, अशी आमची रीत होती. माझी बॉस डेब म्हणायची, "वैशाली, बैल खोटं बोलत नाहीत. काटा बोलतो."

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. स्टेशनच्या आवारातच आम्हाला घर होतं. मागचं अंगण संपलं की पाइपांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे थेट वळूंचा वाडगा. शिरीष सकाळीच गाडी काढून तासाभरावरच्या शहरात ऑफिसला जायचा आणि मी उजाडायच्या आत वाडग्यात. आई दिवसभर एकट्या. टीव्ही कळत नाही, बाहेर बर्फ, बोलायला माणूस नाही. पिस्कॅटवेला निदान देऊळ होतं. मला वाटलं, आठवड्यात तिकीट बदलायला सांगतील.

पण आई खुशीत. "अगं, मुलीकडे सगळं कसं डबीत बसवल्यासारखं. इथं सकाळी उठलं की जनावरं दिसतात. मला वाटलं नव्हतं अमेरिकेत गोठ्याशेजारी राहायला मिळेल." कुंपणाशी उभ्या राहून त्या एकेका वळूचं तोंड न्याहाळायच्या. मी त्यांना सांगितलं होतं, हे प्रजननाचे वळू आहेत, संशोधन चालू आहे. यात खोटं काही नव्हतं. फक्त पुढचं सांगितलं नव्हतं.

परीक्षेचा पहिला महिना संपला आणि मी सगळ्यांचे तात्पुरते आकडे काढले. बाकी सगळे ठीक, आणि एक वळू एकदम तळाशी. तळाशी म्हणजे, वॉल्टच्या भाषेत, सगळ्यात वर. वळू वॉल्टचाच होता. जन्मला तेव्हा कडाक्याच्या थंडीत त्याच्या उजव्या कानाचं टोक गोठून झडलेलं, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला आखूड कान्या म्हणत. हा गडी इतरांच्या मानाने फारच कमी खात होता आणि वाढत होता मात्र इतरांइतकाच. इतका उणे आकडा मी कधी पाहिला नव्हता, डेबनेही पाहिला नव्हता.

मी रीतीप्रमाणे यंत्रावर संशय घेतला. टॅग तपासला, शाबूत. गव्हाणीचे काटे तपासले, बरोबर. वाऱ्याचे दिवस वगळून पुन्हा हिशोब केला, आकडा तसाच. मग नोंदींत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दुपारी चाऱ्याचा ट्रक आला की सगळे वळू गव्हाणीवर तुटून पडतात. हा तेवढा यायचा नाही. तासाभराने सावकाश यायचा आणि पाहुण्यासारखं थोडंसं खाऊन निघून जायचा. आजारी असेल म्हणून ताप पाहिला. ताप नाही. पोट पाहिलं, रवंथ पाहिला, शेण पाहिलं. सगळं उत्तम, डोळे तर असे तुकतुकीत की बघत राहावं.

डेब म्हणाली, "कदाचित हा खरंच तसा असेल. कधीतरी एखादा निघायचाच." तिने ते वॉल्टच्या कानावर घातलं, आणि तिथेच गडबड झाली. वॉल्ट दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन हजर. त्या वर्षी त्याचा मोठा वळू पाय मोडून गेला होता. त्याला स्वतःच्या कळपातूनच नवा हवा होता, आणि गुडघा साथ देईना म्हणून कळपासाठी वळू निवडायची ही आपली शेवटचीच खेप, असं तो म्हणे. कुंपणाला रेलून तो आखूड कान्याकडे बघत राहिला. "मी याला जवळजवळ विकून टाकणार होतो. कान बघून वाटलं, कोण घेणार. आकडा पक्का झाला की सांग. उणे आला तर घरी नेतो, नाहीतर बाकीच्यांबरोबर फीडलॉटला जाईल." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी मान डोलावली.

मला मात्र चैन पडेना. आकडा खोटा वाटत होता आणि खोटा ठरवायला काही सापडत नव्हतं.

सापडलं ते वजनाच्या दिवशी. सगळे वळू एकेक करून खोड्यात घ्यायचे होते आणि आखूड कान्या वाटेत अडून बसला. आमची माणसं 'हे, हे' करून थकली. मी वैतागून स्वतःशीच पुटपुटले, "ये बाबा ये, चल." त्याने झटकन मान वळवली. सरळ माझ्यापाशी आला आणि माझ्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं.

नेब्रास्कात जन्मलेल्या अँगस जातीच्या वळूला मराठी कुठून कळायला लागलं? मग दुपारी ट्रक यायच्या वेळेला मी ऑफिसात न जाता घराच्या बाजूने गेले. सगळे वळू पलीकडे गव्हाणीवर. अलीकडे कुंपणाशी शिरीषचं जाड जॅकेट, त्याखाली नऊवारी आणि बर्फाचे बूट अशा वेषात आई. "ये बाळा, ये ये," म्हणत त्या त्याला पोळी भरवत होत्या. पोळी संपल्यावर खाली ठेवलेली कवळ उचलली. हिरवट वाळलेला चारा, चांगला छातीशी धरून न्यावा लागेल इतका.

"आई! हे काय?"

"लसूणघास. तुमच्या त्या डेबबाईच्या घोड्यांच्या शेडमध्ये किती पडलाय! मी तिला खुणेनं विचारलं, ती हो म्हणाली."

"आणि पोळी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी श्वास का घेता म्हणून विचारलं. "गोग्रास नको काढायला? घरी पहिली पोळी गाईची असते. इथं पहिले चार दिवस खिडकीबाहेर ठेवली तर दगड झाली. मग हा दिसला. गाय नाही, पण जनावर ते जनावर. कपाळावर भोवरा बघ कसा आहे, मधोमध. शुभ असतो. नुसती पोळी याच्या दाढेला लागणार नाही, म्हणून वर थोडा घास."

"थोडा?"

"थोडाच की."

डेबला सांगितलं तर तिने डोक्याला हात लावला. "मला वाटलं ती माझ्या घोड्यांना घालतेय! मी तर दोनदा तिला थँक यू म्हटलं." मग ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली, कारण वॉल्टची आठवण दोघींना एकदमच झाली.

मी आधी आकडा वाचवायचा प्रयत्न केला. आई रोज किती घालतात ते मोजलं, महिन्याचं त्याच्या खाती मांडलं, की हिशोब जुळेल. काटा अंगणात आणला आणि म्हटलं, "आई, रोज घेता तेवढा घास उचला." त्यांनी उचलला, मी वजन केलं. "पुन्हा उचला." पुन्हा उचलला, तो दुप्पट निघाला.

"असं कसं?"

"अगं, रोज सारखा कसा असेल? त्याची भूक बघून घालायचा. चतुर्थीला मी जेवत नाही, तेव्हा त्याला जास्त. परवा फार गारठा होता, तेव्हा आणखी."

त्यांना माझ्या काट्याची दया आली असावी. मी लाखो नोंदी चाळू शकत होते, पण गारठ्याच्या दिवशी सासूला वाटलेली माया वजा करायची सोय आमच्या सूत्रात नव्हती. आणि नव्याने मोजायला परीक्षेचे उरलेले दिवस पुरणार नव्हते. तो वळू खरंच कमी खाणारा होता, की साधा होता, की चांगलाच खादाड होता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

"मग झालं काय एवढं?" आई म्हणाल्या. "खाल्लं तर खाल्लं. यंत्राचं पोट तर दुखत नाही ना?"

मी त्यांना आत नेलं, चहा टाकला आणि सगळं सांगितलं. डेअरी नाही हे सांगितलं. चांगला आकडा आला तर जगतात आणि नाही आला तर कुठे जातात तेही. आखूड कान्याचा आकडा रद्द करावा लागेल आणि आकड्याशिवाय मालक त्याला ठेवणार नाही हेही. शिरीष घरी असता तर त्याने मला थांबवलं असतं.

आई ऐकत राहिल्या. चहाला हात लावला नाही. मला वाटलं, रडतील, नाहीतर मला बोल लावतील. मला दोन्ही चाललं असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला भरवत होते ते त्याच्या जिवावर उठलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई."

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, नुसतं. तेच जास्त लागलं.

वॉल्टला फोन करून मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. "तुझ्या सासूने त्याला ब्रेड खाऊ घातला," तो म्हणाला, "देवासाठी."

"साधारण तसंच."

"मग तो उणे की अधिक?"

"मला माहीत नाही, वॉल्ट. कुणालाच माहीत नाही."

दोन दिवसांनी तो आला. ट्रेलर मागे लावलेला. कुठे न्यायला आला होता ते मी विचारलं नाही. आई माझ्याआधीच अंगणात जाऊन उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हात रिकामे. मी त्यांना नको म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. आमची दोन माणसं आखूड कान्याला ट्रेलरकडे वळवायला गेली आणि तो पाय रोवून उभा. वॉल्ट लंगडत पुढे झाला, तेवढ्यात आई म्हणाल्या, "मारू नका हो त्याला." हे मराठीत, पण समजायला अडचण नव्हती. मग त्यांनी हाक मारली. "ये बाळा. ये ये."

तो आला. आई ट्रेलरच्या दाराशी गेल्या, मागोमाग तो गेला, आणि एवढं मोठं धूड फळीवरून मांजरासारखं आत जाऊन उभं राहिलं. आईंनी जाळीतून त्याच्या भोवऱ्यावर हात ठेवला. हात रिकामा होता तरी त्याने चाटला. आई तिथेच मोठ्याने रडल्या. चार परक्या पुरुषांसमोर मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, माझे सासरे गेले तेव्हाही नाही.

वॉल्टने टोपी काढली, पुन्हा घातली. गुडघा चोळला. "मागच्या वळूने मला दोनदा कुंपणावर फेकलं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "हा हाकेला येतो." मग माझ्याकडे वळून, "ते काय म्हणते ती? मला शिकव." आईंनी त्याला शिकवलं. साठ-सत्तरीतला तो दांडगा माणूस टोपी सावरत 'ये ये' म्हणायला लागला तेव्हा आमची माणसं तोंड फिरवून हसली. "आकडा नसलेला वळू ठेवतोय," ट्रेलरला कडी घालताना तो म्हणाला, "मला वेड लागलंय बहुतेक." आणि घराच्या रस्त्याला लागला.

आई वेळेवर भारतात परतल्या. जाईपर्यंत रोज पहिली पोळी पक्ष्यांना घातली, कुंपणाकडे मात्र फिरकल्या नाहीत. माझ्याशी त्यांचं वागणं पूर्वीसारखंच होतं. पण 'तुझं ऑफिस' म्हणायच्या ऐवजी त्या 'तुझं ते' म्हणायला लागल्या. आमच्या गेटवर मी एक पाटी लावली, परवानगीशिवाय जनावरांना खाऊ घालू नये. डेबने तिच्या शेडला कुलूप लावलं. पाटी इंग्रजीत होती आणि ती वाचायला हवी होती त्या बाई सांगलीत होत्या.

दोनेक वर्षांनी, मी ती नोकरी सोडून शिरीषमागे रेडमंडला यायच्या आधीच्या शेवटच्या हिवाळ्यात, वॉल्टने आखूड कान्याचे मुलगे टेस्टला आणले. काळे, तुकतुकीत, गरीब डोळ्यांचे. एकाच्या कपाळावर बापासारखा मधोमध भोवरा. या वेळी कुंपणाशी कुणी नव्हतं, वारा बेताचा होता, काटे नवे होते. आकडे लख्ख आले, शंकेला जागा नाही. सगळेच्या सगळे अधिक. असे खादाड की गव्हाणीतून तोंड काढत नव्हते. वॉल्टने कागद पाहिला. या वेळी त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "बापाला ठेवतो," तो म्हणाला. पोरांबद्दल काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

त्या रविवारी सांगलीला फोन केला. आईंचा ठरलेला पहिला प्रश्न आखूड कान्याबद्दल, 'माझा तो काय म्हणतो?' मजेत आहे म्हटलं. त्याची पोरं आली होती आमच्याकडे, हेही बोलून गेले.

"खातात का नीट?"

"खूप खातात, आई."

"बघ! आणि तुमचं ते उणं-अधिक काय आलं त्यांचं?"

"अधिक आलं. सगळ्यांचं."

"मग चांगलंच की," आई म्हणाल्या. आवाजात इतका आनंद होता की मी वाडग्यावर उघडणाऱ्या खिडकीकडे पाठ केली.

"हो," मी म्हटलं. "चांगलंच."